थर्मामीटर कोणाच्या हातात?

कोल्ड फ्यूजनच्या नादात श्रेयावरून भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, साध्यासुध्या माणसांच्या बचतीचे पैसेही अडकले. प्रोजेक्ट करणाऱ्या, पेपर लिहिणाऱ्या आणि स्टार्टअपची स्वप्नं बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट वाचायलाच हवी.

एप्रिल १९८९. रसायनशास्त्राच्या एका संशोधनपत्रिकेत जेमतेम आठ पानांचा पेपर छापून आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत धावपळ उडाली. पेपरवर नावं दोनच होती. ब्रिटनचे मार्टिन फ्लाइशमन आणि अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे स्टॅन्ली पॉन्स. या प्रयोगांवर काम केलेला पॉन्स यांचा विद्यार्थी मार्विन हॉकिन्स याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. ते आलं नंतर, शुद्धिपत्रात! पेपरमधल्या बाकीच्या चुका दुरुस्त करताना ‘लेखकाचं नाव राहिलं’ हीही एक चूक दुरुस्त झाली.

ग्रुप प्रोजेक्टच्या पीपीटीवर आपलं नाव शेवटी किंवा गायब असण्याचा अनुभव असलेल्यांना हॉकिन्सबद्दल लगेच आपुलकी वाटेल. पण नाव राहून गेलं यापेक्षा ते का राहिलं हे जास्त महत्त्वाचं आहे. पेपर भयंकर घाईत लिहिला गेला होता. आणि घाई होती ती श्रेयाची.

मुळात भानगड काय?

सूर्य पेटलेला राहतो तो फ्यूजनमुळे, म्हणजे अणुकेंद्रकांच्या संमीलनामुळे. हायड्रोजनची हलकी केंद्रकं एकमेकांत मिसळतात आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. अडचण अशी, की दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना जवळ आणायचं तर तापमान अफाट लागतं. सूर्याच्या गाभ्यात ते दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘ईटर’ या प्रकल्पात तर पंधरा कोटी अंशांचं लक्ष्य आहे.

फ्लाइशमन आणि पॉन्स म्हणाले, एवढा खटाटोप कशाला? काचेचं भांडं घ्या, त्यात जड पाणी घाला. (जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेलं पाणी. आपल्याकडे अलिबागजवळ थळला त्याचा कारखाना आहे.) त्यात पॅलेडियम या धातूचा इलेक्ट्रोड सोडा आणि वीज चालू करा. स्पंज पाणी शोषतो तसा पॅलेडियम ड्यूटेरियम शोषतो. त्या गर्दीत केंद्रकं एकमेकांत मिसळतात आणि घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते, असा दावा होता. टेबलावर मावणारा सूर्यच म्हणा ना!

भौतिकशास्त्रज्ञांनी लगेच भुवया उंचावल्या. नेहमीच्या फ्यूजनमधून एवढी उष्णता निघत असेल, तर सोबत न्यूट्रॉनचा इतका मारा व्हायला हवा की प्रयोगाजवळ उभा राहणारा माणूस जिवंतच राहणार नाही. त्यांच्यात एक काळा विनोदही फिरू लागला. हा दावा खरा असता तर प्रयोग करणारा विद्यार्थी एव्हाना मेला असता! विद्यार्थी ठणठणीत होता. म्हणजे एक तर फ्यूजन अगदी नव्या प्रकारचं होतं, किंवा उष्णता मोजण्यात गडबड होती.

सत्तर किलोमीटरवरचा स्पर्धक

आता घाईचं कारण. युटा विद्यापीठ सॉल्ट लेक सिटीत. तिथून साधारण सत्तर किलोमीटरवर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जाण्याइतक्या अंतरावर, प्रोव्हो गावात ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. तिथले स्टीव्हन जोन्स हेही धातू आणि ड्यूटेरियमवर काम करत होते. त्यांचा दावा खूपच लहान होता. उष्णता वगैरे नाही, फक्त थोडेसे न्यूट्रॉन.

१९८८ मध्ये पॉन्स-फ्लाइशमन यांनी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडे निधीसाठी अर्ज केला. विभागानं तो अर्ज तपासायला पाठवला तो नेमका जोन्स यांच्याकडे. इथून संशयाला सुरुवात झाली. युटाच्या लोकांना वाटलं, यानं आमची कल्पना वाचली आणि उचलली. जोन्स यांनी आपल्या १९८६ च्या वहीतली नोंद दाखवली आणि सांगितलं, मी हे आधीपासून करतोय. वहीतल्या एका पानाला केवढी किंमत येऊ शकते बघा. प्रॅक्टिकलचं जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री एका बैठकीत पूर्ण करणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबायला हरकत नाही.

मार्च १९८९ मध्ये दोन्ही बाजू भेटल्या. २४ मार्चला दोघांनी आपापले पेपर एकाच वेळी ‘नेचर’कडे पाठवायचे, असं ठरलं. पण युटा विद्यापीठाला पेटंटची काळजी होती. त्यांनी आपला पेपर आधीच दुसऱ्या पत्रिकेला दिला होता आणि २३ मार्चला थेट पत्रकार परिषद घेतली. ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी! ते कळताच जोन्स यांनीही त्याच दिवशी आपला पेपर ‘नेचर’कडे रवाना केला.

मास कॉमच्या पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात एक गोष्ट भरवली जाते. पत्रकार परिषद म्हणजे बातमीचा शेवट नाही, सुरुवात आहे. तिथे जे सांगितलं जातं ते तपासणं हे खरं काम. पण त्या दिवशी तपासायला हातात काही नव्हतंच. पेपर अजून छापलेला नव्हता. जगभरचे संशोधक टीव्हीवरच्या आणि वर्तमानपत्रांतल्या फोटोंवरून भांड्याचा आकार, तारांची मांडणी यांचा अंदाज बांधून प्रयोग करत होते. कोणाला उष्णता मिळाली, बहुतेकांना नाही. ज्यांना मिळाली त्यांच्यातल्या काहींनी पुढे निष्कर्ष मागे घेतले.

एप्रिलमध्ये डॅलसला हजारो रसायनशास्त्रज्ञ जमले, तेव्हा पॉन्स यांना अगदी बारावीच्या प्रॅक्टिकलमधला प्रश्न विचारला गेला. जड पाण्याऐवजी साधं पाणी घालून प्रयोग केलात का? म्हणजेच, कंट्रोल कुठे आहे? समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

तोवर पैसा मात्र सुटला होता. युटाच्या विधिमंडळानं ५० लाख डॉलर मंजूर केले. त्यातून राष्ट्रीय कोल्ड फ्यूजन संस्था उभी राहिली. नोव्हेंबर १९८९ मध्ये ऊर्जा विभागाच्या समितीनं पुरावे पटण्याजोगे नाहीत असा अहवाल दिला. पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट बाहेर आली. संस्थेला मिळालेली ५ लाख डॉलरची ‘निनावी देणगी’ प्रत्यक्षात विद्यापीठाच्याच संशोधन निधीतून वळवलेली होती! बाहेरच्या कोणाचा तरी विश्वास आहे असं दाखवण्यासाठी आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे. १९९१ मध्ये संस्थेला टाळं लागलं.

ट्रॉम्बेतली लगबग

या वाऱ्यापासून मुंबईही सुटली नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे जड पाणी, न्यूट्रॉन मोजायची उपकरणं आणि त्यांत मुरलेली माणसं असं सगळंच हाताशी होतं. केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी यात जातीनं लक्ष घातलं. वेगवेगळ्या विभागांतल्या अनेक गटांनी १९८९ मध्ये प्रयोग केले. काही गटांनी न्यूट्रॉन आणि ट्रिटियम सापडल्याचं नोंदवलं. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी ते सगळं ‘बीएआरसी-१५००’ या अहवालात एकत्र आणलं. पुढे काही वर्षांत हे काम थंडावलं. पण ट्रॉम्बेच्या निकालांशी सहमत नसलेल्यालाही ते तपशीलवार वाचता येतात, कारण ते लिहून ठेवलेले आहेत. पुढच्या गोष्टीत नेमकं हेच सापडत नाही.

वाफ कोरडी की ओली?

आता इटली. १९९० च्या दशकात फ्रान्चेस्को पियांतेल्ली आणि बोलोन्या विद्यापीठाचे सर्जिओ फोकार्दी यांनी पॅलेडियमऐवजी निकेल आणि जड पाण्याऐवजी साधा हायड्रोजन वापरून जास्तीची उष्णता मिळते, असे पेपर लिहिले. नंतर फोकार्दी आंद्रेया रॉसी या उद्योजकाबरोबर काम करू लागले. रॉसी यांच्या आधीच्या, कचऱ्यापासून तेल बनवण्याच्या धंद्यावरून इटलीत वर्षानुवर्षं खटले चालले होते.

१४ जानेवारी २०११ ला बोलोन्यात रॉसी आणि फोकार्दी यांनी ‘ई-कॅट’ नावाचं यंत्र दाखवलं. निकेलची पूड, हायड्रोजन आणि एक गुप्त घटक. तो काय, ते सांगायचं नाही. धंद्याचं गुपित! मग मूळ कल्पना पियांतेल्लींची, फोकार्दींची की रॉसींची, यावरून समर्थकांतच दोन तट पडले. पियांतेल्लींनी स्वतःची वेगळी पेटंटं घेतली. यंत्र ग्रीसमध्ये बनवण्यासाठी डेफ्कालिऑन नावाच्या कंपनीशी झालेला करार काही महिन्यांतच मोडला. मग डेफ्कालिऑननंच जाहीर केलं, आमच्याकडे आमचं स्वतःचं यंत्र आहे! पुढे त्यांच्याच इटालियन भागीदारानं अहवाल लिहिला, की प्रात्यक्षिकात पाण्याचा प्रवाह ज्या पद्धतीनं मोजला ती पद्धतच भरवशाची नव्हती.

मोजमापात गोची कुठे होते ते समजून घ्यायला अकरावीचं फिजिक्स पुरेसं आहे. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी सुमारे २२६० किलोज्यूल. म्हणजे नळीतून बाहेर येणारं सगळं पाणी वाफ झालंय असं तुम्ही धरून चाललात, आणि प्रत्यक्षात ते जेमतेम उकळलेलंच असलं, तर तुमचा ऊर्जेचा आकडा पावणेआठ पट फुगेल. कुठलीही लबाडी न करता! थर्मामीटर दोन्ही वेळा १०० च दाखवणार. कुकरच्या शिट्टीतून वाफेबरोबर पाणी उडतं हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. ई-कॅटच्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांवर टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच होता. वाफ कोरडी होती की ओली, हे नीट तपासलं का?

पाचशे गीझरची उष्णता गेली कुठे?

तरीही पैसेवाला भेटला. नॉर्थ कॅरोलिनातल्या टॉम डार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘इंडस्ट्रियल हीट’ कंपनीनं २०१२ मध्ये रॉसींशी करार केला. एकूण दहा कोटी डॉलरहून जास्त रकमेचा. त्यातले १ कोटी १५ लाख टप्प्याटप्प्यानं दिलेही. उरलेले ८ कोटी ९० लाख कधी द्यायचे? तर एक मेगावॉटचं यंत्र जवळपास वर्षभर ठरल्याप्रमाणे चाललं तर.

ही चाचणी २०१५-१६ मध्ये मायामीजवळच्या डोराल इथल्या एका गोदामात झाली. घातलेल्या ऊर्जेच्या पन्नासपटीहून जास्त ऊर्जा मिळाली, असं चाचणीवर देखरेख करणाऱ्या इंजिनीअरच्या अहवालात होतं. पैसे आले नाहीत, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये रॉसींनी खटला भरला. कंपनीनं उलट दावा ठोकला. तीन वर्षं झटूनही रॉसींचे निकाल आम्हाला मिळाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं.

मग कोर्टात एकेक तपशील उघडा पडत गेला. यंत्राची वाफ विकत घेणारा ‘ग्राहक’ म्हणून ज्या कंपनीचं नाव होतं, तिचा प्रमुख रॉसींचाच वकील होता. देखरेख करणारा इंजिनीअर नवा नव्हता. आधीच्या ज्या छोट्या चाचणीनंतर एक कोटी डॉलर दिले गेले, तिचा अहवालही त्याचाच होता. आणि सगळ्यात साधा प्रश्न, एक मेगावॉट उष्णता गेली कुठे? दोन किलोवॉटचे पाचशे गीझर एका गोदामात दिवसरात्र चालू ठेवले तर आत माणूस उभा राहू शकेल का? रॉसींचं उत्तर होतं, की उष्णता बाहेर टाकायची यंत्रणा वरच्या मजल्यावर होती आणि चाचणीनंतर ती काढून टाकली.

जुलै २०१७ मध्ये, ज्युरीसमोर खटला नुकता सुरू झालेला असताना, दोन्ही बाजूंनी तडजोड केली. ८ कोटी ९० लाख मिळाले नाहीत. यंत्र आणि हक्क रॉसींकडे परत गेले. कोर्टानं कोणाला खोटं ठरवलं नाही, खरंही ठरवलं नाही. प्रश्न होता तिथेच राहिला.

बिल शेवटी कोणाकडे?

तुम्ही म्हणाल, श्रीमंतांचे पैसे गेले, आपल्याला काय त्याचं? थांबा. २०१५ मध्ये इंडस्ट्रियल हीटमध्ये ब्रिटनच्या नील वुडफोर्ड यांच्या फंडांनी पैसे घातले. वुडफोर्ड म्हणजे तिथला त्या काळचा नावाजलेला फंड मॅनेजर. त्यांच्या नावावर विश्वास ठेवून लाखो सामान्य लोकांनी बचत गुंतवली होती. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीची किंमत रोज बाजार ठरवत नाही, ती कागदावर ठरते. रॉसींशी तडजोड झाल्यानंतरही या कंपनीची कागदावरची किंमत वाढत गेली. इंडस्ट्रियल हीटनं एव्हाना याच क्षेत्रातल्या इतर संशोधकांवरही पैसे लावले होते. पण बाजारात विकण्याजोगं काहीच तयार नव्हतं.

जून २०१९ मध्ये वुडफोर्ड यांचा मुख्य फंड गोठवण्यात आला. पैसे काढायला रांग लागली होती आणि अशा, चटकन न विकता येणाऱ्या गुंतवणुकी फंडात बऱ्याच होत्या. इंडस्ट्रियल हीट ही त्यांतली एक. फंड बुडायला एकटं कोल्ड फ्यूजन कारणीभूत नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. पण विश्वासाची साखळी कशी असते बघा. निवृत्त शिक्षिकेनं वुडफोर्डवर विश्वास ठेवायचा, वुडफोर्डनी डार्डनवर, डार्डननी रॉसींवर आणि रॉसींच्या इंजिनीअरवर. साखळीच्या टोकाला एक थर्मामीटर आणि एक पाण्याचा मीटर. ते नीट तपासले का, हे त्या शिक्षिकेला कधीच कळणार नव्हतं.

मग करायचं काय?

एक उदाहरण गूगलचं. २०१५ पासून त्यांनी सुमारे एक कोटी डॉलर खर्चून तीसेक संशोधकांना हाच विषय पुन्हा तपासायला दिला. फार बोलबाला न करता. २०१९ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की कोल्ड फ्यूजनचा पुरावा सापडला नाही. पण या वाटेवर त्यांनी उष्णता मोजायची जास्त काटेकोर उपकरणं बनवली, तीही कशी बनवली ते सांगून. खर्च जवळपास तेवढाच, जेवढा इंडस्ट्रियल हीटनं रॉसींना दिला. एका खर्चातून कोर्टाची कागदपत्रं मिळाली, दुसऱ्यातून पुढच्या माणसाला वापरता येईल असं ज्ञान. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या ऊर्जा संशोधन संस्थेनंही आठ गटांना या विषयासाठी मिळून एक कोटी डॉलर जाहीर केले. म्हणजे विषय शोधायला बंदी नाही. वेड्या वाटणाऱ्या कल्पनेवर काम करण्यात काहीच लाजिरवाणं नाही.

गडबड होते ती श्रेय आणि पैसा ज्याला मिळणार, मोजमापही त्याच्याच हातात राहतं तेव्हा. १९८९ मध्ये श्रेय जाईल या भीतीनं तपशील लपवले गेले. २०११ नंतर धंद्याचं गुपित म्हणून. दोन्ही वेळा ज्यांना तपासायचं होतं ते दाराबाहेर उभे राहिले. आणि तपासू दिलं नाही की श्रेयाचं भांडण कधीच मिटत नाही, कारण शोध लागला की नाही हेच ठरत नाही. मग भांडायचं तरी कशाच्या श्रेयावरून?

म्हणून काही साध्या गोष्टी. रिसर्च प्रोजेक्ट करत असाल तर वही रोजच्या रोज, तारखेसकट लिहा. उद्या कोणी ‘कल्पना माझी’ म्हणालं तर तीच तुमची साक्षीदार. पेपरवर कोणाची नावं, कोणत्या क्रमानं, हे गाईडशी सुरुवातीलाच बोलून घ्या. विचारायला संकोच वाटतो, कबूल. पण शेवटच्या रात्री विचारण्यापेक्षा ते बरं. आपलं रीडिंग आपल्याला हवं तसं आलं की लगेच खूश होऊ नका, ‘साधं पाणी घालून बघितलं का?’ हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

आणि कॅम्पसमधून उठून थेट एखाद्या स्टार्टअपमध्ये जाणार असाल, पगाराचा काही भाग शेअरच्या रूपात घेणार असाल, तर प्रेझेंटेशनमधल्या आकड्यांवर टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा आकडा कोणी मोजला? मोजणाऱ्याला पैसे कोण देतं? आणि मला, किंवा मी पाठवीन त्या माणसाला, पुन्हा मोजू द्याल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गुळमुळीत असू शकतात. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी घरी जाऊन एक रात्र विचार करा.